लोखंड बाहेर ठेवा

१

आमच्या खोलीच्या दारावर मी माझ्या अक्षरात लिहून चिकटवलंय, 'लोखंड बाहेर ठेवा'. शेजारी छापील पाट्याही आहेत, पण त्या कुणी वाचत नाही. माझीही कुणी वाचत नाही. म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी तोंडानं विचारतो, "लोखंड आहे का जवळ?" तो "नाही" म्हणतो. मग मी प्लॅस्टिकचा निळा टब त्याच्यापुढे धरतो आणि त्यात चाव्या, घड्याळ, मोबाइल, कमरेचा पट्टा, केसांच्या पिना असा बाजार भरतो. अठरा वर्षांत एकही माणूस खरं बोललेला नाही. प्राध्यापक तर मुळीच नाही.

आत एनएमआरचं यंत्र आहे. पुरुषभर उंचीची, तीन पायांवर उभी असलेली पांढरी टाकी. तिच्या पोटात चुंबक, आणि चुंबकाला थंड ठेवायला द्रवरूप हीलियम. हा चुंबक कधीच बंद नसतो, दिवाळीतही नाही. कुणी एखादा पदार्थ तयार केला की तो पेनच्या कांडीएवढ्या काचेच्या नळीत विरघळवून आणतो. टाकीच्या डोक्यावर मुठीएवढं भोक आहे, त्यातून नळी आत सोडायची. रेडिओलहरींचा एक टोला द्यायचा आणि पदार्थातले हायड्रोजन आपापल्या जागेवरून कसे घुमतात ते टिपायचं. पडद्यावर एक आडवी रेघ येते, तिच्यावर जागोजागी सुळके उभे राहतात. त्यांना आम्ही 'पीक' म्हणतो. कुठल्या आकड्यावर किती उंचीचं पीक आलं यावरून रेणूची घडण कळते.

आम्ही मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरंवाले. आई, मायाक्का, माझ्याकडेच असते. नोकरी लागली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं, तर ती पदर तोंडाला लावून हसली. "यंत्रात पीक येतंय व्हय? आमच्या रानात येत न्हाय, आन् तुज्या यंत्रात येतंय." मग तिनं लोखंडाचं ऐकलं आणि तिचं हसणं थांबलं.

"बिरू, नव्या जागी जाताना मानूस लोखंड संगं घेतंय. बाळंतीन घेती, हळदीची नवरी घेती. आन् तुमी ते काडून ठिवून आत जाता? असलं कसलं घर ते?"

मी तिला चुंबक म्हणजे काय ते समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोखंड वडून घेतंय ते कळलं. दुसरं काय काय वडून घेतंय, ते बगितलंय का कुनी?"

अडाणी माणसाचा प्रश्न म्हणून मी तो सोडून दिला. शिकलेल्या माणसाला असे प्रश्न सोडून देता येतात.

२

दिपाली माझी भाची, धाकट्या बहिणीची, सोनाबाईची, मुलगी. आमच्याच संस्थेत डाळिंबाच्या सालींवर पीएच.डी. करते. हुशार आणि तोंडाळ. तिच्या हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत यायचा, आणि नळ्या धुण्याच्या बाबतीत ती बाकीच्या पोरांइतकीच खोटारडी आहे, असा माझा समज होता.

फेब्रुवारीत तिनं सालींमधून वेगळा काढलेला पदार्थ आणला. पडद्यावर त्याची पिकं आली आणि त्यांच्या मधेमधे दुसरीच बारीक पिकं उगवली. घाणीच्या अशा पिकांना मी तण म्हणतो.

"दिपे, नळी धुतलीस का?"

"तीनदा धुतली की मामा."

"मग हे तण कुठलं?"

"मला काय माहीत? तुमचं यंत्र म्हातारं झालंय."

यंत्राला नाव ठेवलेलं मला खपत नाही. मी नवी नळी फोडली, द्रावकाची नवी बाटली उघडली आणि नुसता कोरा द्रावक लावला. त्यात काहीच यायला नको होतं. तीच पिकं आली. ३.९५ला एक उंच, ५.८ला एक बुटकं, आणि साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान झुडूप. ते ओळखायला मला अर्धा तास लागला, आणि ओळखल्यावर हसूच आलं. ती हळद होती. हळदीतला पिवळा पदार्थ.

सोलापुरात हळद कुठल्या डब्यात नसते? कुणाच्या तरी बोटाची लागली असणार. एवढंच होतं ते. पण दिपालीच्या दृष्टीनं ते एवढंच नव्हतं. तिचा शोधनिबंध परत आला होता. स्वच्छ स्पेक्ट्रम, म्हणजे बिनतणाची रेघ द्या, नाहीतर निबंध नाकारू, असं नियतकालिकानं कळवलं होतं. निबंध नाही तर प्रबंध नाही. मुदत होती मार्चच्या दुसऱ्या गुरुवारची, संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, तिचं लग्न होतं.

३

मी स्वभावानं संशयी आहे, आणि या कामाला तेच लागतं. पहिला संशय धुळाप्पावर घेतला. धुळाप्पा आमचा जुना सहायक, अक्कलकोटकडचा. हीलियम लवकर उडू नये म्हणून टाकीत दर आठवड्याला द्रवरूप नायट्रोजन भरणं हे त्याचं काम.

"धुळाप्पा, आत बसून जेवता का हो?"

"आमी? आत? सायेब, त्या खोलीत आमी पानी बी पीत न्हाय. तुमी आमाला वीस वर्सं वळकता की."

"अठरा."

"तेच ते."

मी कुलूप बदलून किल्ली स्वतःकडे ठेवली. तरी तण आलंच. मग तोंड आचेवर वितळवून बंद केलेली, आत काही म्हणता काहीच नसलेली एक नळी तयार केली आणि ती लावली. बंद काचेत बाहेरची हळद शिरायला वाट नव्हती. तरी आली, आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त आली.

तेव्हापासून मी रोज ती रिकामी नळी लावून ३.९५च्या पिकाची उंची वहीत लिहू लागलो. ती रोज थोडी वाढत होती. याच काळात मी आणखी एक गोष्ट ऐकायला लागलो. खोलीत पंपाची टकटक असते आणि हवेचा फुसफुस आवाज असतो, ते मला घरच्या पंख्यासारखे झालेत. पण मधूनच, नळी आत नसतानाही, टाकीच्या पोटातून बारीक 'किण्ण' असा आवाज यायचा. काचेवर काच लागल्यासारखा. धातू थंडीनं आक्रसतो, तो वाजत असेल, अशी मी समजूत घातली. मात्र अठरा वर्षं तो थंडच होता आणि कधी वाजला नव्हता, हेही मला ठाऊक होतं.

एका दुपारी वहीतले ठिपके जोडले आणि रेघ मागे नेली. सत्तावीस जानेवारीला ती शून्यावर टेकत होती. त्या दिवशी आमच्याकडे दिपालीची सुपारी फुटली होती. रेघ पुढे नेली तर मार्चच्या दुसऱ्या गुरुवारी ती पडद्याच्या वर जात होती.

मी वही मिटली. सुपारीच्या दिवशी घरभर हळदकुंकू, सगळ्यांचे हात भरलेले. दुसऱ्या दिवशी तेच हात घेऊन मी कामावर आलेलो. म्हणजे घाण करणारा मीच, असा निष्कर्ष मी काढला. तो लिहून खाली सहीसुद्धा केली. त्यानं वाढ का व्हावी हे मात्र त्यात कुठेच बसत नव्हतं, आणि मला भीती वाटायला लागली होती.

४

गुरुवारी सकाळी हळद लागली. दुपारी तीन वाजता दिपाली प्रयोगशाळेत हजर. जुनं पातळ, हात कोपरापर्यंत पिवळे, चेहरा पिवळा, दोन्ही हातांत हिरवा चुडा, आणि उजव्या मुठीत आईचा लोखंडी अडकित्ता.

"आज्जी सोडतच नव्हती," ती धापा टाकत म्हणाली. "हळदीच्या पोरीनं उंबरा ओलांडायचा नाही म्हणे. मामाकडंच चाललेय म्हटल्यावर हे हातात दिलं. परत येईपर्यंत सोडायचं नाही, अशी शपथ घातलीय."

नमुन्याची नळी तिनं बुधवारीच भरून, बंद करून कपाटात ठेवली होती. मी एकट्यानं लावली असती, पण हवेची झडप आठवडाभर ढिली पडली होती. वर शिडीवर एकानं नळी धरायची, बाहेरून दुसऱ्यानं हवा सोडायची आणि तो 'सोड' म्हणाला की वरच्यानं सोडायची, असं चाललं होतं. धुळाप्पा लग्नाच्या आचाऱ्याकडे गेला होता. घड्याळात सव्वातीन.

खरं सांगतो, क्षणभर वाटलं की हिला परत पाठवावं. वहीतली रेघ डोळ्यांपुढे आली. आणि त्याचाच मला राग आला. विज्ञानाच्या नोकरीत केस पांढरे केले आणि आता अडकित्त्याला घाबरू?

"लोखंड बाहेर ठेव," मी म्हणालो.

"कमरेला खोचते की मामा. घट्ट."

"सुटला तर गोळीसारखा टाकीवर जाऊन बसेल. मधे तू असलीस तर तुझ्यातून जाईल. टबात ठेव."

तिनं टबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हळूच तो आत ठेवला. "आज्जीला सांगू नका हं." पिवळ्या हातांवर हातमोजे चढवून ती आत गेली.

मी बाहेर, काचेच्या भिंतीच्या अलीकडे, पडद्यापाशी बसलो. ती शिडीच्या तीन पायऱ्या चढली. मी हवा सोडली, "सोड" म्हणालो. फुस्स झालं, नळी खाली गेली, किण्ण वाजलं. मी आकडे जुळवू लागलो.

मान वर केली तेव्हा ती अजून शिडीवरच होती. भोकावर वाकलेली, कान खाली लावून. आणि तिनं, लांबून कुणी हाक मारल्यावर देतात तशी, ओ दिली.

"ओ?"

मी हाक मारली नव्हती.

"दिपे, खाली उतर!" मी काचेवर मूठ आपटली. ती उतरली. अगदी सावकाश, एकेका पायरीवर थांबत. तोवर पडद्यावर रेघ उमटली होती आणि मी सगळं विसरलो. रेघ स्वच्छ होती. डाळिंबाची पिकं जागच्या जागी आणि मधे कुठेही तण नाही. सहा आठवड्यांत पहिल्यांदा.

"आलं की गं! दिपे, आलं!" मी खुर्चीतून उठलोच.

"साफ आलं," ती म्हणाली. एरवी तिनं पाठीत धपका घातला असता. ती शांतपणे माझ्या खुर्चीत बसली, फाइल पाठवली, उठली. मी टब पुढे केला. वाटेत पाणी सांडलेलं असावं तसा त्याला वळसा घालून ती दाराकडे गेली.

"अडकित्ता राहिला."

"राहू दे मामा. तुम्हीच आणा."

तेव्हा माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. हातमोजे काढलेले होते आणि हात गोरे, स्वच्छ होते. चेहराही स्वच्छ. त्या खोलीत पाण्याचा नळ नाही. ती गेल्यावर मी हातमोजे उलटे करून उजेडात धरले. आतून कोरे.

५

घामानं हळद उतरते. मोज्यांच्या रबरात ती मुरतही असेल. असं म्हणत मी संध्याकाळी सोनाबाईच्या घरी, जुळे सोलापुरात गेलो. घर पाहुण्यांनी भरलेलं. आई दारातच जातं धरून बसली होती. तिनं मला बाजूला ओढलं.

"अडकित्ता कुटाय?"

"माझ्या खिशात."

"तुज्या खिशात कसा?"

मी खिशावर हात ठेवला. तिला उत्तर मिळालं.

"पोरगी उंबऱ्याबाहेर हुबी हुती, बिरू. ये की गं आत, म्हनलं. तवा आली. सोताच्या घरात कुनी बोलवायची वाट बगतंय व्हय?" मग आवाज खाली आणून, "सांजच्यान् बसलीया बायांत. हात हालीवती, चुडा दाखीवती. एक बांगडी वाजत न्हाय."

"चुडा दाटून भरलाय आई."

"मी बांगड्या घातल्या न्हाईत व्हय कदी?"

मी दिपालीला बघायला आत गेलो. ती बायकांच्या घोळक्यात छान हसत होती. मला पाहून तिनं मान डोलावली, लांबच्या पाहुण्याला डोलवावी तशी. किल्ल्यांचा जुडगा माझ्या बोटात लटकत होता. तो कलला. टाकीभोवती जमिनीवर आखलेल्या लाल पट्टीच्या आत चुकून किल्ल्यांसकट दोन पावलं टाकली की जुडगा टाकीकडे कलतो, ती ओढ माझ्या बोटाला पाठ आहे. मी चालत होतो, म्हणून हलला असेल. मी उभा राहिलो. जुडगा तसाच तिरका राहिला, तिच्याकडे तोंड करून.

६

शुक्रवारी सकाळी नऊला धुळाप्पाचा फोन आला. मुहूर्त साडेबाराचा होता.

"सायेब, नायट्रोजन भराय आलो हुतो. खोलीत कोन हाय का? कुलूप तर हाय. आत बांगड्या वाजायल्यात."

मी स्कूटर काढली. धुळाप्पाला बाहेर पडद्यापाशी हवा सोडायला बसवलं, खिसे टबात रिकामे केले. रिकामी बंद नळी लावली. हळदीची पिकं पडद्याच्या वरून बाहेर गेली होती, त्यांची टोकं दिसत नव्हती.

मी शिडी चढलो. भरपूर ऊन होतं, खिडकी उघडी होती, बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं. भोकात मात्र काळोख. मी वाकलो. थंड हवेऐवजी कोमट वाफ लागली, तिला हळदीचा आणि खोबरेल तेलाचा वास होता. लहानपणी दिपालीची वेणी मी घालून दिलेली आहे. तो वास मला सांगायला नको.

खाली खोल काहीतरी किणकिणलं. पोरी हात वर करून केस सारखे करतात, तेव्हा वाजतं तसं.

"दिपे," मी म्हणालो.

"ओ."

प्रतिध्वनी असता तर 'दिपे' आला असता. मी शिडीचा दांडा धरून उभा राहिलो. मी रडत होतो.

भिंतीवर लाल बटण आहे. दाबलं की हीलियम उडून जातो आणि चुंबक मरतो. मग आतलं बाहेर येतं, की आतल्या आतच संपतं? कुठल्याच पुस्तकात ते दिलेलं नाही. मी बटणावर बोट ठेवलं. खालून पुन्हा बांगड्या वाजल्या. मी बोट काढलं.

दाराबाहेर टबात माझा मोबाइल वाजत होता. सोनाबाई. "दादा, कुटं हाईस? मामाशिवाय पोरीला मांडवात न्यायचं कुनी?"

मी अडकित्ता उचलला. ठरवलं की मांडवात नेण्याआधी तो तिच्या हातात द्यायचा. तिनं धरला तर मी ठार वेडा. त्या क्षणी मला वेडं ठरायची फार इच्छा होती.

७

कार्यालयात सनई लागली होती. पिवळ्या साडीत, मुंडावळ्या बांधून ती खोलीच्या दारात उभी होती. मी खिशात अडकित्ता घट्ट धरला होता. तो कापडातून पुढे ओढत होता, बैल मोट ओढतो तसा. दोन पावलांवर गेलो. ती गोड हसली.

"मामा, लोखंड आहे का जवळ?"

"नाही," मी म्हणालो. अठरा वर्षं लोक माझ्याशी जे खोटं बोलले, तेच.

"बाहेर ठेवून या."

सूर माझाच होता. ना राग, ना घाई, रोजचं काम असल्यासारखा. मागे सोनाबाई, तिच्या मागे पन्नास बायका, गुरुजी हाका मारतायत, वेळ चाललाय. शेजारच्या खुर्चीवर आई बसलेली, तिचे डोळे माझ्या खिशावर. मी तिथंच ओरडायला हवं होतं. पण काय ओरडणार होतो? माझ्याकडे एक वही होती आणि एक वास. आणि हाताला सवय होती. कुणी ते वाक्य म्हटलं की खिसे रिकामे करायचे. खिडकीच्या कट्ट्यावर मी अडकित्ता ठेवला. आईनं डोळे मिटून घेतले.

मी तिचा हात धरून मांडवात नेलं. हात थंड नव्हता, गरम नव्हता. चुडा माझ्या मनगटाला घासत होता आणि वाजत नव्हता.

अंतरपाट धरला. पलीकडे जोतीराम, साधा, कॉलेजात शिकवणारा मुलगा, घामानं डबडबलेला. त्याच्या हातात कट्यार होती, टोकाला लिंबू खोचलेलं. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मला दिसलं की कट्यार त्याच्या मुठीत हळूहळू वळतेय. त्यानं ती सरळ केली. ती पुन्हा वळली. लिंबू अंतरपाटाला टेकलं आणि तिथंच राहिलं. जोतीरामनं गोंधळून दोन्ही हातांनी मूठ धरली आणि वर, कापडापलीकडे तिच्याकडे पाहिलं. मी मागून तिचा चेहरा पाहू शकत नव्हतो. त्याचा पाहत होतो. त्याचं हसू अर्ध्यावर थांबलं.

शेवटचं कडवं आलं. अंतरपाट खाली येऊ लागला. तेव्हा सगळा जीव एकवटून मी ओरडलो,

"सावधान!"

सगळं कार्यालय तेच ओरडत होतं. अक्षता पडल्या, सनई चढली. माझ्याकडे कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.